पाठीतली सुई आणि पाचवं शील

पनवेलच्या दवाखान्यातून उठून येताना जानकीबाईने डॉक्टरांना हात जोडून 'जय भीम' घातला होता. घरच्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता. तिचा असा जय भीम म्हणजे सभा बरखास्त, विषय संपला, आता कोणी तोंड उघडायचं नाही. पुढच्या रविवारी सगळे कळंबच्या घरी जमले ते तोंड उघडायलाच.

पडवीत राकेश खुर्ची ओढून बसला होता. तो जानकीबाईचा थोरला मुलगा, पंचायत समितीत कारकून. कुठलाही प्रश्न आला की त्याला आधी खुर्ची लागते. धाकटा प्रीतम उंबऱ्यावर फोन चाळत होता. त्यांची बहीण दीक्षा शिळफाट्याच्या बाजारातून केळ्यांचा अख्खा घड घेऊन आली होती, कारण आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं, मग त्या माणसाला केळं पचो न पचो. राकेशची बायको दर्शना आतबाहेर करत होती. आणि या सगळ्यांचा बाप सखाराम भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याला कोणी काही विचारत नव्हतं. या विषयावर आपल्याला विचारण्यात अर्थ नाही, हे त्याचं त्यालाही पटत होतं.

कारण विषय दारूचा होता.

म्हणजे खरा विषय दुखण्याचा. जानकीबाईला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तो काढून टाकण्यापलीकडे गेला होता. हे तिलाही माहीत होतं. "जायचं तर समद्यांनाच हाय," असं म्हणून तिने ते मागे टाकलं होतं. पण दुखणं मागे टाकता येईना. ते पोटातून निघून सरळ पाठीत घुसायचं आणि तिला आडवं होऊ द्यायचं नाही. दिवाळीपासून ती खाटेवर बसल्या बसल्या पुढे वाकून, गोधड्यांच्या गठ्ठ्यावर कपाळ टेकून झोपत होती. झोपत होती म्हणायचं इतकंच; डोळे मिटून दात आवळून बसलेली असायची.

मग कळलं की फक्त दुखण्यावर उपचार करणाऱ्या एक डॉक्टर पनवेलला आहेत. डॉक्टरीणबाई वयाने लहान, हसऱ्या. त्यांनी चित्र काढून समजावलं. पोटाच्या मागे, मणक्याच्या पुढे नसांचं एक जाळं असतं. दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत तेच पोचवतं. मशीनवर बघत बघत पाठीतून बारीक सुई तिथपर्यंत न्यायची आणि औषध सोडायचं. त्या नसा मरतात. चिरफाड नाही, टाके नाहीत. आजार जाणार नाही, पण दुखणं पुष्कळ उतरतं, काही महिने तरी. सगळ्यांनाच पूर्ण गुण येतो असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

जानकीबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "औषध कसलं?"

"अल्कोहोल असतं, आजी."

"म्हंजे?"

इथे डॉक्टरीणबाई चुकल्या. समोर कोण बसलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या हसून म्हणाल्या, "दारूच म्हणा ना. पण शंभर नंबरी!"

समोर बसलेल्या बाईने गावातल्या हातभट्ट्या फोडल्या होत्या. दारूबंदीच्या मतदानात घरोघर फिरून बायकांना बाहेर काढून आडव्या बाटलीवर शिक्के मारून घेतले होते आणि सरकारमान्य दुकानालाही टाळं लावलं होतं. विहारात पोरांना पंचशील शिकवताना ती पाचव्या शीलापाशी थांबायची. मद्यापासून दूर राहायचं म्हणजे नक्की कशापासून, हे समजावायला तिला उदाहरण शोधावं लागत नसे. उदाहरण मागच्या रांगेत मांडी घालून बसलेलं असायचं आणि पोरं माना वळवून त्याच्याकडे बघायची.

सखारामची दारू सुटून आता तीसेक वर्षं झाली होती. पण त्याआधी त्याने ती चांगली निष्ठेने सांभाळली होती, आणि त्या काळात रचलेल्या सबबी हीच या घराची खरी वडिलोपार्जित मिळकत होती. पोरांना हे पुरतं ठाऊक नव्हतं. आपण आईला काहीतरी नवीन सांगणार आहोत अशा समजुतीत ती आत गेली.

राकेश खुर्चीसकट आत गेला.

"आई, दारू म्हणून नाही गं. औषध म्हणून."

जानकीबाईने गठ्ठ्यावरून डोकं उचललं. "तुज्या बापाला खोकला झालता, तवा त्यो पन औषध म्हनूनच घ्यायचा."

"ते वेगळं."

"आठ वर्सं खोकला होता. मी एक डाव पन खोकताना ऐकला नाय."

दारात उभ्या सखारामने खाली बघितलं. खोकला त्याला खरंच झाला होता, पहिल्या वर्षी.

"अगं, पण डॉक्टरांनी सांगितलंय," राकेश म्हणाला.

"त्याला पन डाक्टरनीच सांगितलं होतं. कंपौंडर होता त्यो. दोघं संगं प्यायचे."

राकेशने काखा वर केल्या. दीक्षाला मनातून बरं वाटलं. तिचं आणि राकेशचं आधीच वाजलं होतं. आईच्या मनाविरुद्ध तिला कोणी हात लावायचा नाही, असं ती आल्या आल्या म्हणाली होती. दर्शनाला ते पटलं नव्हतं. शिळफाट्याला राहून मन जपायला काय जातं, इथे उठवायला-बसवायला मी असते, असं तिने बोलून नाही, पण भांडी जरा जोरात ठेवून दाखवलं होतं.

राकेशने मग हुकमाचं पान काढलं. त्याने हरेशला बोलावून घेतलं होतं. हरेश गावचा बौद्धाचार्य. लग्नं लावायचा, मयताच्या पुण्यानुमोदनाचे विधी करायचा, बोलायला मोठा गोड. पण त्याला वंदना शिकवली होती जानकीबाईनेच, आणि उच्चार चुकला म्हणून कानही तिनेच पिळला होता. त्यामुळे तो आला तोच कानाला हात लावून.

"जय भीम, काकी. त्याचं असं हाय," त्याने घसा साफ केला, "शीलामधी सांगितलंय ते सेवनाबद्दल. सेवन म्हंजे पिनं. तोंडावाटे. सुईचा तिथं कुठं उल्लेख नाय."

राकेशने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

"बस, हरेश," जानकीबाई म्हणाली. "तुला काकडीचं सांगते."

सखाराम दारातून सटकायला बघत होता, पण वाटेत प्रीतम होता.

"मी ह्यांना शपथ घ्यायला लावली, की उद्यापासनं पिनार नाय. घेतली. न रोज संध्याकाळी घरी येतात तर डोळे लाल. इचारलं, तर बोलतात, आईशप्पत पेलो नाय. न खरंच पेले नव्हते. फोडी करून रातभर दारूत भिजवलेली काकडी खायचे. मला बोलले, जानके, मी पेलो नाय, काकडी खाल्ली." ती थांबली. एक कळ येऊन गेली, तेवढा वेळ तिने खाटेची कड धरून ठेवली. "आता सांग. ती आत कुठल्या वाटनं गेली त्याला काय मोल हाय का?"

हरेशने सखारामकडे पाहिलं. त्या नजरेत धिक्कार किती आणि कुतूहल किती हे सांगणं कठीण होतं. "ह्यावर बैठक घ्यावी लागंल," असं म्हणून, चहाही न घेता तो गेला.

मग प्रीतम बोलला. त्याने बोलायला नको होतं. तो कळंबच्याच एका रिसॉर्टवर मॅनेजर होता, शनिवार-रविवार मुंबईहून आलेल्या लोकांना थंड बाटल्या पोचवणं हे त्याच्या कामात येत होतं, आणि म्हणून या विषयावर आईसमोर त्याची किंमत बापाहून फार वर नव्हती. पण त्याला सकाळपासून फोनवर वाचून एक मुद्दा सापडला होता.

"आई, तुला पाचवं शील मोडायचं नाही ना? पण ते मोडलंय कधीच. तू दुखण्याच्या गोळ्या घेतेस ना, मॉर्फिनच्या? त्या कशापासून करतात माहितीये? अफूपासून!"

दर्शनाने कपाळाला हात लावला.

"अफू?" जानकीबाई म्हणाली.

"हो! मग आता दारूने काय बिघडणार आहे?"

जानकीबाईने उशाची गोळ्यांची पट्टी उचलली, खिडकीतून बाहेर टाकली आणि भिंतीकडे तोंड केलं. प्रीतमचा मुद्दा बिनतोड होता. फक्त तो उलट्या बाजूने लागू झाला.

दर्शना धावत मागच्या अंगणात जाऊन पट्टी शोधून घेऊन आली. "प्रीतमभाऊजी, ह्या एकदम बंद करायच्या नाहीत असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय! आता तुम्ही बसा त्यांच्यापाशी रात्रभर!"

"मी फक्त लॉजिक..."

"लॉजिक घाला चुलीत."

दुपारची गोळी चुकली. उन्हं कलेपर्यंत त्याचा हिशेब चुकता व्हायला लागला. आतून आवाज यायचा, आणि तो जानकीबाईचा आहे हे ओळखू येत नव्हतं. दीक्षाची लहान मुलगी आजीला केळं द्यायला म्हणून आत गेली, तर आजी तिच्यावर अशी ओरडली की पोर केळं तिथेच टाकून आईला येऊन बिलगली. दीक्षा तिला थोपटत राहिली, आणि थोपटता थोपटता तिचा पक्ष बदलला.

"खोटं सांगूया," ती हळूच म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"सांगूया, डॉक्टरांनी औषध बदललं. साधं सलाईनचं पाणी. डॉक्टरांशी मी बोलते. मला आईला असं बघवत नाही."

"मी तेच म्हणणार होतो," राकेश म्हणाला. बहीणभाऊ अशा तऱ्हेने एक झाले. आता फुटली ती दर्शना. "आणि नंतर कळलं म्हणजे? त्यांच्या हाताखाली मी नांदलेय, तुम्ही नाही. मी खोटं बोलणार नाही."

"तुला कोण बोल म्हणतंय? तिच्यासमोर आपल्यातल्या कोणाचं खोटं टिकलंय आजवर?" राकेश म्हणाला.

हे खरं होतं. जानकीबाईसमोर खोटं बोलायचं तर जिभेला वळण हवं, वर्षांची मेहनत हवी. मग एकेक करून तिन्ही पोरांच्या माना भिंतीकडे वळल्या.

"बाबा," राकेश म्हणाला, "तुम्हाला जमेल."

सखारामला हसू आलं. तीस वर्षांत घराला त्याच्या कलेची पहिल्यांदाच गरज पडली होती. तो उठला, धोतर झाडलं आणि आत गेला. दार त्याने लोटून घेतलं, पण पोरं दाराला कान लावणार हे त्याला माहीत होतं.

जानकी खाटेच्या कडेला दुमडून बसली होती. त्याने मनात वाक्य जुळवलं होतं. डाक्टरनी दुसरं औषध काढलंय, साधं पाणी हाय. सोपं वाक्य होतं. पूर्वी याहून अवघड वाक्यं त्याने झिंगलेल्या अवस्थेत बिनचूक म्हटली होती.

तिने मान वर केली. डोळे उघडे होते, त्याच्याकडेच होते, पण तो त्या डोळ्यांत नव्हता. सखारामला ही नजर ओळखीची वाटली. कुठे पाहिली ते आठवेना, आणि मग लक्षात आलं, पाहिली नव्हती. ही नजर त्याची स्वतःची होती, त्या वर्षांतली. तिने ती समोरून पाहिली होती, दाराशी उभी राहून, रोज.

"काय ठरलं?" तिने विचारलं.

"दारूच हाय ती," सखाराम म्हणाला.

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"समदे बोलले, बाबा, खोटं सांगा, पानी हाय म्हनून. पन ती दारूच हाय. शंभर नंबरी. मी पेत होतो तवा पन एवढी कडक कदी बघितली नाय."

"मग जावा. नको मला."

"जातो. एक इचारू? मगाशी दीक्षाच्या पोरीवर का वरडलीस?"

"कोन? कदी?"

"बघ."

ती दाराकडे बघायला लागली.

"सकाळी वंदनेला बसलीस न मधीच थांबलीस. पुढचा शब्द सापडंना. तुला, जानके! हरेशचे कान पिळलेस तू." त्याने खाटेच्या कडेला टेकायचं धाडस केलं. "आपली शुद्ध सोडायची नाय, एवढ्यासाठीच ना ते पाचवं शील? तूच शिकवायचीस. न माज्याकडं बोट करायचीस. बरोबर करायचीस. मी पेऊन यायचो तवा दारात तू उभी असायचीस, पन मला दिसायची नायस. बोलायचीस ते कानावर पडायचं, पन तिथं कोन मानूस हाय असं वाटायचंच नाय. आता तुला मी दिसत नाय. नात दिसत नाय. दुखनं सोडून काय दिसतंय तुला?"

जानकीबाईने श्वास घेतला, तो तुकड्या तुकड्यांनी आत गेला.

"म्हंजे मी पेलेली हाय?"

"सकाळपासनं. दिवाळीपासनं."

"तोंड सांभाळून बोला."

"मला नाय कळनार तर कुनाला कळनार? माजा अब्यास हाय त्यात. ही दारू चढवायला नाय गं, जानके. तुजी उतरवायला हाय."

बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचं खोटं ओळखायला तिला कधी इतका वेळ लागला नव्हता. मग तिचं अंग हलायला लागलं. तो घाबरून दर्शनाला हाक मारणार होता, तेवढ्यात कळलं की ती हसतेय. हसताना दुखत होतं, म्हणून ती हसत होती आणि कण्हतही होती.

"खोटं बोलायला पाठवला," ती म्हणाली, "न खरं बोलून बसला. तुमचं कुठलंच काम कदी धड झालं नाय."

"नाय झालं."

"राकेश! खुर्ची घेऊन आत ये. दारावरचा कान काढ. न दर्शना, त्या गोळ्या आन. न डाक्टरला सांगा, जेवढी लागंल तेवढीच टोचायची." तिने नवऱ्याकडे एक तिरपी नजर टाकली. "उरलेली बाटली घरी आनायची नाय."

सुई टोचली ती बुधवारी. आत कोणालाच जाऊ दिलं नाही. आत काय झालं ते नंतर सिस्टरने सांगितलं. जानकीबाईला पालथं निजवलं, पाठीवरची जागा बधिर केली, थोडं गुंगीचं औषध देणार तोच ती म्हणाली, थांबा. तिने तसंच पालथं पडून पंचशील म्हणायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई हातात सुई घेऊन उभ्या राहिल्या. पाचव्या शीलापाशी ती थांबली, म्हणून सगळे थांबले. मग तिने तेही शेवटपर्यंत, एक अक्षर न गाळता म्हटलं आणि म्हणाली, "आता टोचा."

संध्याकाळी सगळ्यांना एकदम आत सोडलं. सखाराम सगळ्यांच्या मागून गेला आणि दारातच त्याचा पाय अडला. जानकी पाठीवर निजली होती. सरळ, पाय लांब करून, हात अंगालगत. दिवाळीपासून त्याने तिला अशी पाहिली नव्हती, आणि इतकी सरळ निजलेली माणसं त्याने फक्त तिरडीवर पाहिली होती. मग तिच्या पोटावरची चादर वर झाली, खाली झाली, पुन्हा वर झाली. तो ती चादर बघत उभा राहिला.

"आई?" दीक्षाने वाकून विचारलं. "दुखतंय?"

जानकीबाईने डोळे उघडले. छताकडे बघितलं. स्वतःच्या अंगात कुठेतरी जाऊन शोधून आली.

"टोचलं तिथं ठनकतंय जरा," ती म्हणाली. "दुसरं काय नाय." तिलाच ते खरं वाटेना. "काय नाय गं. आत काय नाय."

दीक्षा रडायला लागली, मग दर्शना, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गेल्या रविवारचं भांड्यांवरचं भांडण तिथल्या तिथे मिटलं. राकेश खुर्ची शोधत होता. जानकीबाईने मान वळवली. पोरांवरून, सुनेवरून तिची नजर फिरत फिरत दारापर्यंत आली आणि तिथे थांबली.

"सखाराम," ती म्हणाली, "तिथं काय उभा रं? पानी दे."

प्रीतमच्या हातातला फोन पडला.

या बाईने भट्ट्या फोडल्या होत्या, फौजदाराला एकेरीत बोलली होती, पण लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं. अवो, ऐकलंत का, राकेशचे बाबा, एवढ्यावर संसार झाला होता. मतदार यादीवाला दारात आला आणि मालकांचं नाव विचारू लागला तर ती पोराला पुढे करायची. आणि आता नाव घेतलं ते घेतलं, वर 'रं'.

"चढली!" प्रीतमला हसू आवरेना. "अरे, आईला चढली!"

"सिस्टर!" राकेश बाहेर धावला. "सिस्टर, जरा बघा, पेशंट काहीतरी बरळतेय. ते औषध डोक्यात गेलंय!"

सिस्टर आली. तिने नाडी पाहिली, प्रेशर पाहिलं, डोळ्यांत बॅटरी मारली, दोनचार प्रश्न विचारले. जानकीबाईने वार सांगितला, गाव सांगितलं, धाकट्याचं बरळणं बंद करा असंही सांगितलं.

"काही चढलेली नाही," सिस्टर म्हणाली. "तेवढ्याशाने कोणाला काय चढणार? गुंगीसुद्धा केव्हाच उतरलीय. प्रेशर जरा खाली आहे, ते होतंच, म्हणून उठायचं नाही. पाणी द्या थोडं थोडं. आजी पूर्ण शुद्धीत आहेत."

सिस्टर गेली. आता कोणी हसत नव्हतं. पोरं बापाकडे बघत होती. सखाराम दाराच्या चौकटीला धरून उभा होता, तोंड वेडंवाकडं झालं होतं, आणि तो ते लपवतही नव्हता.

"ऐकलं ना?" जानकीबाई म्हणाली. तिचे डोळे स्वच्छ होते आणि त्यांत तो होता. "पूर्ण शुद्धीत हाय मी. पानी दे, सखाराम."